एका चौरस सेंटिमीटरला चार बादल्या

आमच्या कॉलनीत गल्ल्या पाच आणि कचराकुंडी एक. ती एकुलती एक कुंडी तिसऱ्या गल्लीत, आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीपासून अकरा फूट चार इंचांवर होती. हे मी अंदाजानं सांगत नाही. मी आरेखक आहे. इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका कचेरीत गेली सव्वीस वर्षं पाठ वाकवतो आहे, आणि आमच्या धंद्यात अंदाजानं काम करणाऱ्याचा जिना पुढे भिंतीत जाऊन आदळतो.

त्या पुढच्या खोलीत बायको शिवणाचा वर्ग चालवते. वर्षाच्या सुरुवातीला अकरा बायका येत होत्या. मग सात झाल्या, मग चार. त्यातली चौथी नाकाला रुमाल बांधून मशीन चालवायची. रुमालाची किनार तिनं आमच्याच वर्गात शिवली होती, हे हिला फार लागायचं.

मी प्रभाग कार्यालयात तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, "सदर कुंडी कॉलनीच्या मध्यभागी असल्याने हलविता येत नाही." हे खोटं असतं तर मी भांडलो असतो. पण मी घरी कॉलनीचा नकाशा पसरला, रेघा मारल्या, मध्यबिंदू काढला, तर तो नेमका कुंडीत पडला. तिथून माझी तगमग सुरू झाली. अन्याय एक वेळ सोसतो माणूस, पण बिनचूक अन्याय सोसत नाही. मी जेवताना उठायचो, खिडकीच्या फटीत कागद कोंबायचो, परत पानावर बसायचो, घास घ्यायचो की पुन्हा उठायचो. शेवटी ही म्हणाली, "अहो, एकदा काय ते ठरवा. जेवायचं की गस्त घालायची."

माझी भाची, म्हणजे बहिणीची मुलगी, कॉलेजात भूगोल शिकते आणि त्यासाठी आमच्याकडे राहते. ती ताटावरून म्हणाली, "मामा, तुम्ही जमिनीचा मध्य काढलात. कचऱ्याचा काढा ना."

"कचऱ्याला मध्य असतो?"

"असतो की. नकाशात जागा किती, ते दाखवायचंच नाही. कचरा किती, ते दाखवायचं. ज्या गल्लीत जास्त, ती फुगवायची. जिथं कमी, ती आवळायची. आकार बिघडतो, पण शेजार मोडत नाही. पहिलीच्या पुढे दुसरीच येते. आमच्यात याला कार्टोग्राम म्हणतात."

तिनं पुस्तकातला एक जगाचा नकाशा दाखवला, लोकसंख्येच्या मापानं काढलेला. काही देश फुगून शेजाऱ्यांच्या अंगावर रेलले होते आणि मोठमोठे ओसाड प्रदेश गरम पाण्यात धुतलेल्या लोकरी मोज्यासारखे आक्रसले होते. मला तो बघवेना. आमच्या कचेरीत असा नकाशा कुणी काढला असता, तर त्याला गोडीगुलाबीनं घरी पाठवलं असतं. पण पाचव्या गल्लीत चार-चार मजली दोन इमारती आहेत आणि बाकी चारही गल्ल्यांत बहुतेक बैठी घरं, हे माझ्या डोक्यात आलं. मी हात धुतले आणि पेन्सिलीला टोक केलं.

आधी आकडे हवे होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी वही घेऊन कुंडीपाशी उभा राहिलो. पहिल्या गल्लीतले दातांचे डॉक्टर बादली घेऊन आले. हे सद्गृहस्थ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतात, एवढाच काय तो दोष.

"काय लिहिताय?"

"बादल्या."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

डॉक्टरांनी दोन मिनिटं विचार केला आणि भरलेली बादली तशीच परत नेली.

दुपारपर्यंत कॉलनीत बातमी पसरली, की कचऱ्यावर कर बसणार आणि त्याची मोजदाद माझ्याकडे दिली आहे. सुतावरून स्वर्ग गाठायचा, तर आमच्या कॉलनीला सूतही लागत नाही. तिसऱ्या दिवशी अख्ख्या दुसऱ्या गल्लीतून एक बादली आली, तीही अर्धी. लोक कचरा पिशवीत घालून कामावर नेत होते. एक गृहस्थ तर सकाळी फिरायला जाताना हातात डबा घेऊन निघाले आणि मला बघून म्हणाले, "डबा आहे. जेवणाचा." मी विचारलंही नव्हतं.

शेवटी भाचीनं दारोदार जाऊन समजावलं, कर नाही, दंड नाही, फक्त नकाशा आहे. मग लोक निवले आणि कचरा मूळपदावर आला. पुरता एक आठवडा मी मोजला. पहिली गल्ली रोज चौदा बादल्या. दुसरी आणि चौथी वीस-वीस. आमची अठरा. आणि पाचवी गल्ली एकटी नव्वद.

नकाशा काढायला बसलो आणि पहिली वाकडी रेघ मारायच्या आधी सवयीनं पट्टी शोधली. तरी काढला. पाचवी गल्ली भोपळ्यासारखी फुगली. पहिली बुटाच्या नाडीएवढी झाली. आमची गल्ली मधे कुठंतरी अंग चोरून उभी. आणि मध्यबिंदू काढला, तर तो आमच्या खिडकीपासून निघून पाचव्या गल्लीच्या तोंडाशी, महापालिकेचा मोकळा तुकडा पडून आहे तिथं जाऊन पडला. बायकोनं मशीन थांबवून नकाशा पाहिला. "हे असं सुजल्यासारखं दिसतंय खरं," ती म्हणाली, "पण पहिल्यांदाच कुठल्या नकाशात मला काहीतरी खरं दिसतंय." सव्वीस वर्षांत माझ्या कामाचं तिनं केलेलं हे पहिलं कौतुक. त्या भरात मी नकाशा कॉलनीच्या सूचनाफलकावर लावला आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

डॉक्टर संध्याकाळी आले. "फलकावर जे आहे, त्यात माझं घर कुठलं?"

मी टोकदार पेन्सिलीनं दाखवलं, कारण बोटानं दाखवलं असतं तर घर झाकलं गेलं असतं.

"हे? दोन मजले, पुढे बाग, मागे दवाखाना, आणि हे एवढंसं?"

"डॉक्टर, तुमच्याकडे कचरा कमी होतो. चांगलीच गोष्ट आहे."

"म्हणजे आमच्याकडे कुणी खात-पीत नाही, पाहुणा येत नाही, असंच ना? आणि त्या इमारतींतले भाडेकरू आमच्यापेक्षा सहापट?"

पाचव्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक मात्र फलकासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे होते. त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशीच आहे. "कॉलनी मुळात आमच्यामुळेच आहे, हे मी कधीचं सांगतो आहे," ते म्हणाले. मग खिशातून लाल पेन काढून त्यांनी माझ्या नकाशातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि खाली 'ठीक' असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं, ते सांगायची मला अजून लाज वाटते. डॉक्टरांकडून तीन बादल्या आल्या. एकीत बागेतला पाला, दुसरीत जुनी मासिकं आणि तिसरीत दवाखान्यातले दातांचे प्लास्टरचे साचे. तीस-चाळीस जबडे कुंडीत पडून आमच्या खिडकीकडे बघून हसत होते. चौथ्या गल्लीनं कुणाचा तरी फाटका गालिचा कापून हप्त्याहप्त्यानं आणला. दुसऱ्या गल्लीतल्या एका बाई बादली टाकून मला म्हणाल्या, "लिहिलीत ना? दोन धरा, दाबून भरली आहे." कॉलनीत जन्मात झाला नव्हता एवढा कचरा होऊ लागला, आणि जो तो आपली गल्ली फुगवायच्या मागे लागला. भाची रोज नवे आकडे घालून मध्यबिंदू काढायची. तो पाचवीतून निघाला, चौथीत आला, आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा आमच्या खिडकीसमोर येऊन उभा राहिला. कुंडीतला कचरा तर आता झाकणाच्या वर चढला होता. शिवणाच्या चारातल्या दोन बायका राहिल्या.

मी फलकावरून नकाशा उतरवला, पहिल्या आठवड्याचे खरे आकडे धरले, आणि चांगल्या कागदावर शाईनं पक्का नकाशा करायला घेतला. घरी बसवेना म्हणून कचेरीत, मधल्या सुट्टीत. साहेब कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही.

"ही कुठली साइट?"

"आमची कॉलनी, साहेब."

"रस्ते असे का?"

"कचऱ्यामुळे."

साहेबांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. मला वाटलं स्वतःसाठी. पण पेला त्यांनी माझ्यापुढे ठेवला, खांद्यावर हात ठेवला, आणि "दोन दिवस रजा घ्या हवी तर" असं म्हणून ते हळूच निघून गेले. उरलेला दिवसभर कचेरीतला प्रत्येक जण माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होता. मला टेबलापाशी बसवेना. दर दहा मिनिटांनी उठून मी खिडकीपाशी जायचो, तर सगळे काळजीनं खिडकीकडे बघायचे.

सोमवारी प्रभाग कार्यालयात गेलो. आवक टेबलावरचा कारकून हा शांत माणूस. त्याचा शांतपणा समोरच्याच्या अशांतीवर पोसलेला असतो. त्यानं नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"उत्तर दिशा?"

"वर, कोपऱ्यात."

"प्रमाण?"

"एका चौरस सेंटिमीटरला चार बादल्या."

त्यानं समोरचा फॉर्म माझ्याकडे फिरवला. "इथं बघा. एकास पाचशे, एकास हजार, एकास दोन हजार. बादल्या कुठं आहेत?"

मी कार्टोग्राम म्हणजे काय, ते समजावलं. मागे रांग वाढत होती. मागच्यानं "हे समजावण्याचं काम घरी करा ना" असं सुचवलं. कारकुनानं सगळं ऐकून घेतलं आणि चौकटीत शांतपणे एकास पाचशे लिहिलं. "प्रमाणाशिवाय शिक्का बसत नाही. करू का परत, की मारू?"

इथं मी चुकलो. सव्वीस वर्षं ज्या माणसानं अर्ध्या मिलिमीटरसाठी लोकांशी वाकडं घेतलं, त्यानं शिक्का डोळ्यांसमोर दिसल्यावर म्हटलं, "मारा." खाली माझी सही होती आणि सहीखाली, जरा वजन पडावं म्हणून, 'अनुभव सव्वीस वर्षे'.

आठवडा गेला. कुंडी हलली नाही, आणि विशेष म्हणजे रिकामीही झाली नाही. आठव्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो. गाडी आली आणि सरळ पुढे जाऊ लागली. मी आडवा गेलो. चालकानं खाली उतरून एक कागद काढला. तो माझाच नकाशा होता, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'अद्ययावत' असा शिक्का होता.

"एकास पाचशेनं मोजली, तर कागदावर ही गल्ली पाच फुटांची आहे," तो म्हणाला. "गाडी सात फुटांची."

"अहो, गेल्या आठवड्यापर्यंत येत होतात ना?"

"तेव्हा हा कागद नव्हता."

"आता समोर बघा. गल्ली दिसते आहे ना? वीस फूट आहे."

त्यानं गल्लीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "मला पण दिसतंय. पण उद्या भिंतीला घासली, तर तुमचं दिसणं लिहून देणार का कुणी?"

स्वच्छता निरीक्षकांच्या खोलीत मी जवळजवळ धावतच गेलो. तरुण माणूस, टेबलावर फायलींचा डोंगर, बोलणं मात्र नम्र. "नकाशा तुमचाच. सही तुमची. अनुभवसुद्धा तुमचाच," ते म्हणाले. "आता तो रद्द करायचा तर तुम्हीच लेखी द्यायला हवं, की मी सादर केलेला नकाशा चुकीचा आहे."

"पण तो चुकीचा नाही. कचऱ्याच्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे."

"गल्ली किती फुटांची आहे?"

"वीस."

"नकाशात?"

"पाच."

त्यांनी दुरुस्तीचा फॉर्म पुढे केला. मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि निघून आलो. सही करवेना. कुणी मला कंजूष म्हणावं, तऱ्हेवाईक म्हणावं, कचेरीत म्हणतातच. पण चुकीचा नकाशा काढणारा, हे मी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं?

दोन दिवस तो फॉर्म खिशात घेऊन मी घरभर येरझाऱ्या घातल्या. खिडकीपासून मोरीपर्यंत चौदा पावलं, परत येताना तेरा. कुंडीभोवतीचा ढीग आता आमच्या पायरीला लागला होता. शेवटच्या दोन बायकांनी निरोप पाठवला, की घरी पाहुणे आहेत. बायकोनं मशीनवर कापड झाकलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "तुमचा नकाशा बरोबर आहे. मला माहीत आहे. पण मला माहीत असून वर्ग चालत नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाचव्या गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. माझ्या नकाशात ती गल्ली साठ फूट रुंद होती ना, म्हणून प्रभागातल्या मोठ्या गाड्यांनी तिथं वळून परत जावं, असा हुकूम निघाला होता. पहिली मोठी गाडी वळायला गेली आणि अडकली. तोंड मुख्याध्यापकांच्या फाटकात, ढुंगण विजेच्या खांबाला टेकलेलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मुख्याध्यापक पायरीवर उभे राहून ओढून नेणाऱ्या गाडीची वाट बघत होते आणि मला बघताच म्हणाले, "या. ज्यांनी आम्हाला साठ फूट केलं ते या."

निरीक्षक आले होते. ओढून नेणारी गाडी दुपारशिवाय येणार नव्हती, म्हणून त्यांना मुख्याध्यापकांनीच खुर्ची दिली आणि खुर्चीबरोबर व्याख्यानही. "आमच्या गल्लीचा कचरा तो काय, मूठभर. आणि एवढी गाडी आमच्या दारात?"

गंमत अशी, की गाडी मागून उघडी होती आणि सगळ्या कॉलनीचा कचरा आठवडाभर घरात तुंबला होता. एका बाईंनी येऊन बादली गाडीत ओतली. मग दुसरीनं. अर्ध्या तासात चारही गल्ल्यांतून लोक बादल्या घेऊन येऊ लागले, आणि दोन इमारतींच्या जिन्यांवरून तर नुसती रीघ लागली. मुख्याध्यापकांचं 'मूठभर' चालूच होतं. निरीक्षकांना ते सहन होईना. त्यांनी डायरी काढली आणि प्रत्येक बादलीला, "कुठली गल्ली?" असं विचारून रेघा ओढायला सुरुवात केली. काही करायला मिळालं, म्हणून बिचाऱ्यांचा चेहराही सुटला. मी त्यांच्यामागे उभा होतो. डोकवायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाय एका जागी ठरत नव्हते.

बाराच्या सुमारास त्यांनी रेघा मोजल्या आणि डायरीच्या कोऱ्या पानावर पाच चौकोन काढले, एकाला एक चिकटून. पहिला बारीकसा. दुसरा, तिसरा, चौथा जरा बरे. पाचवा काढताना पान संपलं, तेव्हा त्यांनी तो शेजारच्या पानावर नेला. मग मधे कुठंतरी एक फुली मारली. ती मोकळ्या तुकड्यावर पडली.

"हे बघा," त्यांनी मला डायरी दाखवली. "तुमची कुंडी इथं हवी. आता हे कसं एका नजरेत कळतंय? असा साधा नकाशा काढायचा असतो. तुमच्यासारखं गुंतागुंतीचं केलं की कागद भरतो, काम होत नाही."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. भोपळा, नाडी, सव्वीस वर्षं, भाचीचं पुस्तक, सगळं. बाजूला भाची उभी होती. तिनं माझा शर्ट मागून हळूच ओढला. मी म्हटलं, "खरं आहे साहेब. मला सुचलं नाही."

"होतं असं," ते म्हणाले. "हलवतो मी. पण आधी तुमचा तो नकाशा रद्द करा. एका कॉलनीचे दोन नकाशे मला चालणार नाहीत."

कुंडी हलली ती पुढच्या गुरुवारी. मुख्याध्यापकांनी हरकतीचं पत्र लिहिलं. आठ पानं, एकही वेलांटी चुकलेली नाही. पण मोकळा तुकडा महापालिकेचा असल्यानं ते फाइलला लागलं. डॉक्टर आता दिवसाला एक बादली टाकतात आणि मला बघून दात दाखवतात. शिवणाच्या वर्गात नऊ बायका परत आल्या आहेत. दोघींनी दुसरीकडे नाव घातलं, आणि त्या दोघींचं काय चुकलं, हे ही मला आठवड्यातून एकदा तरी समजावून सांगते.

पण हे सगळं त्या अर्जानंतरचं. अर्ज मी गाडी अडकली त्याच दुपारी नेऊन दिला. आवक टेबलावर तोच कारकून होता. त्यानं फॉर्म वाचला. "'मी सादर केलेला नकाशा चुकीचा आहे.' बरोबर. सही बरोबर. कारणाचा रकाना मोकळा आहे."

मी पेन काढलं. उभ्या उभ्या बराच विचार केला. मागे रांग वाढत होती. शेवटी लिहायला लागलो, "जे खरोखर आहे ते दाखवण्याच्या नादात मोजमापाकडे..."

"एवढं मावणार नाही," तो म्हणाला. त्यानं रकान्यावर बोट ठेवलं. रकाना सहा सेंटिमीटरचा होता, तेवढं मला न मोजता कळतं. "सगळे नजरचूक लिहितात."

मी सुरू केलेलं खोडलं. त्यानं नवा फॉर्म दिला. त्यावर मी लिहिलं, नजरचूक. एकेक अक्षर सरळ, शिरोरेघ एका पातळीत, चौकटीच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून.

कारकुनानं फॉर्म जरा लांब धरला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे मान वर करून बघितलं. "अक्षर सुरेख आहे हो तुमचं," तो म्हणाला, आणि शिक्का मारला.